खाऱ्या वाऱ्यातला पत्रा

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनकडे जाणारी बस पकडली की शहर फार वेळ सोबत करत नाही. मुर्धा, राई, मग मोरवा. इमारती विरळ होतात, तिवरं दिसू लागतात, मिठागरांचे चौकोन उन्हात चकाकतात आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याची चव बदलते. ओठांवरून जीभ फिरवली तर खारट लागते. सुट्टीत आलेल्या पाहुण्यांना हा वारा फार आवडतो. आवडण्यासारखाच आहे तो. दिवेलागणीला खाडीकडून येतो आणि दिवसभराची तलखी घेऊन जातो.

पण लोखंडाशी त्याचं जमत नाही. मोरव्यात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, गॅसच्या शेगडीचे पाय, गच्चीवरच्या टाकीचा सांगाडा, सगळ्यांवर त्याचा हात फिरलेला असतो. नवीन ग्रिल बसवली की पहिला पावसाळा उलटताच वेल्डिंगच्या सांध्यांतून तांबूस ओघळ भिंतीवर उतरतात. आमच्याकडे घराला रंग काढायची वेळ या ओघळांवरून ठरते.

अशा गावात आमच्या पडवीत एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. 1984 सालची. नानांची, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची. नाना गेल्यावर ती बरीच वर्षं ताडपत्रीखाली होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायची असं घरात ठरलं, तेव्हा जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणाऱ्या एकाला दाखवली. त्याने सगळी गाडी कोऱ्या पत्र्यापर्यंत सोलून पुन्हा रंगवण्याचा जो आकडा सांगितला, त्यात चांगली वापरलेली चारचाकी दारात आली असती. त्याचं काम उत्तम असेल यात मला शंका नाही. पण तेवढे पैसे नव्हते. वेळ होता, पडवी होती आणि दोन हात होते. गंज आणि जुना रंग कमी खर्चात कसा काढायचा, हा प्रश्न आमच्यापुढे असा आला.

ही गाडी आपल्याच मुलखातली. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. 1964 साली फियाट 1100 डिलाइट आली, पुढे तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि 1974 च्या सुमारास पद्मिनी. चार सिलिंडरचं 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, बसकी, गोलसर पाठ. या बांधणीचं मूळ 1953 साली इटलीत आलेल्या फियाट 1100/103 मध्ये आहे. त्या गाडीत वेगळी चेसिस नव्हती. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. गंज काढायला बसणाऱ्याने ही एक गोष्ट सगळ्यात आधी समजून घ्यावी. ट्रकचा किंवा जीपचा बाहेरचा पत्रा सडला तरी खाली चेसिसचे जाड गर्डर उभे असतात. पद्मिनीचा दरवाज्याखालचा सिल सडला, फ्लोअर सडला, तर गाडीचा कणाच गेला. वरून रंग कितीही झळकत असो.

म्हणून रंगापासून सुरुवात करायचीच नाही. भाईंदरचे एक म्हातारे डेंटर मिस्त्री, ज्यांनी आयुष्यभर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच ठोकल्या, ते आमच्याकडे आले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "दादा, रंग राहू द्या. आधी आतली चटई उचला."

चटई उचलली. तिच्याखालचा नमदा काळा, जड आणि ओला होता. बाहेर महिनाभर पाऊस नव्हता, तरी ओला. तो हातात धरला तेव्हा बोटांना खारट पाणी लागलं.

यामागचं कारण साधं आहे, पण ते ध्यानात आल्यावर माझी कामाची पद्धतच बदलली. मिठाला पाणी ओढण्याची सवय असते. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की कोरडं मीठ हवेतलं बाष्प शोषून आपोआप विरघळतं. आमच्याकडे पावसाळाभर आणि इतर ऋतूंतही पुष्कळ रात्री आर्द्रता त्यापेक्षा वर असते. म्हणजे छपराखाली, एकही थेंब न लागता उभी असलेली गाडीसुद्धा रोज रात्री भिजते. खाडीवरून आलेलं मीठ पत्र्यावर बसतं, रात्री त्याचं पाणी होतं, पहाटे त्या पाण्यात लोखंड आणि हवा यांचं काम सुरू होतं. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंज चढणं हा मुळात विजेचाच खेळ. म्हणून गोड्या पाण्याने जे काम वर्षानुवर्षं घेतलं असतं, ते खारं पाणी भराभर उरकतं. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, कधी त्याहूनही कितीतरी अधिक. रंगाला बाहेरून फोड दिसतो तो त्या मागणीमुळे. फोड दिसेपर्यंत आतलं बरंचसं उरकलेलं असतं.

यातून पहिली कृती निघते आणि तिला एक पैसा लागत नाही. घासण्याच्या आधी गाडी धुवायची, गोड्या पाण्याने, आतून, खालून, खोबणीखोबणीतून. मीठ तसंच ठेवून काचपेपर मारला तर ते उघड्या पत्र्यात आणखी रगडलं जातं आणि वरून लावलेल्या रंगाखाली कोंडून राहतं. दरवाज्यांच्या तळाशी पाणी जायला छोटी भोकं असतात. ती चिखलाने बुजलेली असतात. सायकलच्या चाकाचा जुना आरा घेऊन ती मोकळी केली, तेव्हा आमच्या ड्रायव्हरच्या दरवाज्यातून गढूळ पाण्याची धार लागली. ते पाणी आत किती दिवस होतं कोण जाणे. मग दारं उघडी टाकून गाडी उन्हात वाळवली. नमदा फेकून दिला. त्याला पर्याय नसतो.

मग तपासणी. मिस्त्रींकडे हत्यारं दोनच, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि फुटक्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ते पत्रा ठोकत जात. ठण्ण आवाज आला की पुढे. थप्प आला की खडूची खूण. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून रंगावरून फिरवायचं. जिथे ते धरतं तिथे पत्रा जवळ आहे, जिथे नुसतं घसरतं तिथे खाली लांबी आहे, म्हणजे पुट्टीचा जाड थर. आमच्या मागच्या डाव्या मडगार्डवर ते वीतभर घसरलं. पत्रीने तिथली लांबी काढली, तर खाली एम-सील, त्याच्याखाली जाळी आणि जाळीच्या मागे काहीच नाही. चाकावरून उडालेला चिखल त्या पोकळीत येऊन साचला होता. आधीच्या कुणी कारागिराने भोकावर जाळी धरून वरून लांबी ओढली होती आणि ती इतक्या सफाईने की इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. हातात कसब होतं त्याच्या. ते पत्रा झाकण्यात खर्ची पडलं, याचं मला वाईट वाटतं.

जुना रंग काढण्याचे मार्ग पुष्कळ आहेत आणि स्वस्त म्हणून जे सांगितले जातात त्यातले निम्मे महाग पडतात. ब्लो-लॅम्पने रंग जाळणं ही जुनी रीत. जाड लोखंडी गेटाला ती चालते. पद्मिनीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. बॉनेटसारखा सपाट भाग एकदा तापून लाटा पडल्या की तो पुन्हा सरळ होत नाही. वाळूचा मारा करून रंग उडवणं चाकांच्या रिमना, सस्पेन्शनच्या जाड भागांना उत्तम. भाईंदर-वसईच्या औद्योगिक गाळ्यांत पावडर कोटिंगवाले ते थोडक्यात करून देतात. पण तोच मारा छपरावर किंवा दरवाज्यावर बसला तर पत्रा ताणला जातो, फुगतो, आणि सांध्यांत शिरलेली वाळू कायमची आत राहते. शिवाय वाळूच्या धुळीने काम करणाऱ्याची फुप्फुसं जातात. आपलं काम स्वस्तात होण्यासाठी दुसऱ्याने छातीत सिलिका भरून घ्यावी, हे मला पटत नाही. बाजारात मिळणारा पेंट रिमूव्हर ब्रशने लावला की रंग सुरकुततो आणि पापुद्रे सुटतात. कोपऱ्यांसाठी तो मी वापरला, पण उघड्या अंगणात, रबरी हातमोजे घालून आणि वाऱ्याकडे पाठ करून. बंद गॅरेजमध्ये त्याची वाफ जीव घेऊ शकते. आणि तो लावल्यावर पत्रा थिनरने, मग पाण्याने नीट पुसला नाही, तर नवा रंग त्या जागी धरतच नाही.

उरतो तो काचपेपर. हार्डवेअरच्या दुकानात तावावर मिळणारा काळा वॉटर पेपर. ऐंशी नंबरने सुरुवात, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. बादलीत पाणी, त्यात साबणाचा थोडा चुरा, लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला तुकडा, आणि हात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, लाल-पिवळ्या छटांत आणि जुन्या प्रायमरमध्ये विशेष. घरगुती रंगांतलं शिसं दशलक्षात 90 भागांवर आणणारा नियम आपल्याकडे 2016 साली झाला. आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची आणि गाडीचा रंग घरगुती रंगात मोडतही नाही. म्हणून कोरडं घासायचंच नाही. ओलं घासलं की धूळ उडत नाही, चिखल होतो. तो जुन्या वर्तमानपत्रांवर धरून वाळवायचा आणि घातक कचऱ्यात द्यायचा. विहिरीकडे किंवा खाडीकडे जाणाऱ्या गटारात सोडायचा नाही. तोंडाला चांगला मास्क हवाच. घासताना मुलांना अंगणात येऊ द्यायचं नाही, यावर काकू, म्हणजे नानांची बायको, माझ्याहून कडक होती.

ओल्या काचपेपरची खरी गंमत मात्र वेगळीच. रंग एकदम निघत नाही. कडेने पातळ होत जातो आणि खालचे थर एकामागून एक वर येतात. बॉनेटच्या पुढच्या टोकाला मी घासत होतो. वरचा फिका पडलेला पांढरा गेला, खाली करडा प्रायमर आला, मग गडद निळा, मग लालसर पट्टा, मग सायीसारखा क्रीम आणि सगळ्यात शेवटी कुर्ल्याच्या कारखान्यातला प्रायमर. काकू चहा घेऊन बाहेर आली. निळा दिसताच थांबली. "हा धाकटीच्या लग्नातला," ती म्हणाली. "नाना म्हणाले होते, वरात निघणार, गाडी नवी दिसली पाहिजे. घाईघाईत रंग दिला. ओलाच होता, मंडपवाल्याने फुलं चिकटवली ती निघेनात." क्रीम रंगाबद्दल तिला सांगायला आणखी होतं. गाडी दारात आली तेव्हा मोरव्यात मोजक्याच मोटारी होत्या. गावात कुणाच्या घरी बाळंतपणाची वेळ आली की रात्री-अपरात्री नानांच्या दारावर थाप पडायची आणि ती क्रीम रंगाची पद्मिनी भाईंदरच्या दवाखान्यापर्यंत धावायची. आज जे चाळिशीच्या आतबाहेर आहेत, त्यांच्यातले काही जण या गाडीतून आईच्या पोटात असताना गेले आणि कुशीत घेतलेले परत आले. मी घासत होतो ती जागा रुपयाएवढी. तिच्यात हे सगळं होतं.

त्या दुपारी मी एक ठरवलं. जिथे रंग पत्र्याला घट्ट धरून आहे, खाली गंज नाही, तिथला खालचा थर उगाच उपटायचा नाही. छप्पर खणखणीत होतं, डिकीचं झाकण तसंच. तिथे वरचा खराब थर फक्त खरवडून सपाट केला आणि जुना क्रीम खाली राहू दिला. संपूर्ण गाडी कोऱ्या पत्र्यापर्यंत सोलण्याचं वेड हल्ली फार आहे. ज्यांच्याकडे बंदिस्त, कोरडी कार्यशाळा आहे त्यांना ते शोभतं. मोरव्याच्या पडवीत सोलायचं ते सडलेलंच. कारखान्यात भट्टीत भाजून बसवलेला थर चाळीस वर्षं टिकला आहे. त्याच्या जागी पडवीत बसून मी जो लावणार, तो त्याच्याहून चांगला होईल असा भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

आता गंज. आमच्याकडे कुणीही पहिला उपाय सांगतो तो संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचा. ओतलं की फसफसतं, गंज डोळ्यांदेखत विरघळतो, पत्रा चांदीसारखा दिसतो. स्वस्त तर इतकं की विचारू नका. आणि गाडीच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही. त्या अ‍ॅसिडातलं क्लोराइड दुहेरी पत्र्याच्या सांध्यांत शिरतं आणि कितीही धुतलं तरी तिथून निघत नाही. मिठातला जो भाग लोखंडाला खातो, तोच आपण हाताने आत भरतो. शिवाय त्याच्या वाफेने शेजारी ठेवलेले पाने, पक्कड, सगळं दुसऱ्या दिवशी लाल होतं. गंज काढायचं म्हणून दुकानात मिळतं ते फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं द्रावण निराळं. ते थोडं महाग, पण त्याने लोखंडावर फॉस्फेटचा करडा थर बसतो आणि रंगाला पकड मिळते. घासून उरलेल्या खड्ड्यांसाठी ब्रशने तेवढंच लावावं.

सुटणारे छोटे भाग मात्र भिजत घालावेत. बिजागऱ्या, कंस, बंपरचे पट्टे, बॅटरीची तबकडी. त्यासाठी एक निळं प्लास्टिकचं पिंप पुरतं. वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून त्यात भाग रात्रभर ठेवला की सकाळी गंज मऊ झालेला असतो. जास्त वेळ ठेवला तर अ‍ॅसिड चांगल्या लोखंडालाही खातं, म्हणून लक्ष हवं. त्याहून सौम्य म्हणजे काकवी किंवा साखर कारखान्याची मळी. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी. दोन-तीन आठवडे लागतात, वास येतो, माश्या येतात, पण तिच्यातली द्रव्यं गंजाला धरून ओढून काढतात आणि निरोगी लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचे आणि जस्ताचा मुलामा दिलेले भाग तिच्यात घालू नयेत, ते खाल्ले जातात.

आणि मग विजेची युक्ती. पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, लिटरला चमचाभर. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, धन टोकाला भंगारातली साधी सळई, दोन्ही एकमेकांना न चिकटता पाण्यात. बुडबुडे सुरू होतात. काही तासांनी भाग बाहेर काढला तर त्यावरचा गंज काळ्या मऊ साक्यात बदललेला असतो आणि तारेच्या ब्रशने तो सहज झडतो. बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून हे उघड्यावर करायचं आणि जवळ कुणी विडी पेटवायची नाही. स्प्रिंगा यात घालायच्या नाहीत, हायड्रोजनने त्यांचं पोलाद ठिसूळ होतं. भाईंदरमध्ये राहणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळावं. पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे गाळे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या कातरणाच्या पट्ट्या भंगारवाल्याकडे ढिगाने मिळतात. धन टोकाला सळईऐवजी ती पट्टी लावायचा मोह होतो, कारण ती झिजत नाही, स्वच्छ दिसते. ती लावायची नाही. स्टेनलेसमधलं क्रोमियम त्या पाण्यात विषारी रूपात उतरतं आणि ते पाणी मग जमिनीत, खाडीत, मासळीत जातं. गंजकी सळईच बरी. त्या गाळ्यांचा उपयोग निराळ्या कामी होतो. चाकांच्या टोप्या आणि खिडक्यांच्या पट्ट्या तिथल्या बफवर धरल्या की आरशासारख्या होतात.

हिरड्याचा काढा करून मी एका गंजक्या कंसावर लावून पाहिला. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर काळं होतं. आपल्या पूर्वजांची शाई आणि काळा रंग यातूनच होत असे. विकतच्या गंजरोधकांतही टॅनिक अ‍ॅसिड असतं. काळा रंग फार सुरेख चढला. तरीही सिलसारख्या भार घेणाऱ्या जागी मी त्यावर विसंबणार नाही. तिथे गंज उरता कामा नये. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करून बसवणं हाच मार्ग. आमचे दोन्ही सिल आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर मिस्त्रींनी तसे केले, पेट्रोलची टाकी आधी गाडीतून उतरवून. तो खर्च टाळता आला नाही आणि टाळायला नकोच होता.

मोरव्यातल्या कामाचं सगळं मर्म मात्र संध्याकाळी कळतं. दुपारी घासून पांढरा केलेला पत्रा उघडा ठेवून झोपलं, तर सकाळी त्यावर नारिंगी लव उगवलेली असते. बोट फिरवलं की बोटाला लागते. नाशिकला किंवा पुण्याला हिवाळ्यात पत्रा चार दिवस तसा राहू शकतो. इथे रात्र पुरते. म्हणून आमच्याकडचा नियम असा झाला की सकाळी ऊन चढल्यावर, दव उडाल्यावर काम सुरू करायचं, आणि जेवढा भाग त्याच दिवशी उन्हं कलायच्या आत प्रायमरखाली जाईल तेवढाच उघडायचा. एक दरवाजा म्हणजे एक दरवाजा. दुपारी कुणी पाहुणे आले, वीज गेली, हात दुखला, तर अर्धाच. घासलेल्या जागी हात लावायचा नाही, घामातही मीठ असतं. थिनरने पुसायचं, वाळू द्यायचं आणि लगेच प्रायमर.

प्रायमरच्या बाबतीत मात्र हात आखडू नये, असं माझं ठाम मत आहे. स्वस्त रेड ऑक्साइड मारून गाडी महिनोन्‌महिने लाल उभी असलेली सगळीकडे दिसते. मालकाला वाटतं काम अर्धं झालं. तो थर सच्छिद्र असतो, वरून रंग बसेपर्यंत तो ओल पीत राहतो आणि खाली गंज पुन्हा सुरू होतो. दोन डब्यांतून मिसळायचा एपॉक्सी प्रायमर पत्र्यावर पाणी पोचू देत नाही. किंमत कितीतरी जास्त, पण काढण्याच्या कामात हातांनी जे वाचवलं ते इथे घालावं. गंज काढायला पैसा कमी लागतो. तो परत येऊ नये यासाठी लागतो.

सिलच्या आत, दरवाज्यांच्या पोटात ब्रश पोचत नाही. तिथे काय घालायचं याचं उत्तर मला उत्तनच्या धक्क्यावर मिळालं. तिथले कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात, तळाची शेवाळं आणि शिंपल्या खरवडतात, लाकूड वाळवतात आणि मगच तेल-रंग देतात. जुने लोक त्यासाठी माशाचं तेल वापरत. गंमत अशी की लोखंडाच्या बाबतीतही ही गोष्ट जगाला एका दर्यावर्दी माणसानेच दिली. रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या कप्तानाने पाहिलं की गंजक्या डेकवर माशाचं तेल सांडलं तिथे गंज पुढे सरकला नाही. त्यातून 1921 साली अमेरिकेत रस्ट-ओलियम ही रंगाची कंपनी निघाली. धक्क्यावर एका म्हाताऱ्या नाखव्याला मी गाडीचं सांगितलं, तर ते म्हणाले, "होडी असो नायतर गाडी, आधी सुकव. ओल्यावर काय पन लाव, उतरनारच." आम्ही सिलच्या पोकळीत पातळ नळीने मेणाचं द्रावण सोडलं, तेही चार दिवस कडक उन्हात सुकवल्यावर. गॅरेजवाले इंजिनचं जळकं तेल मारतात. ते नको. ते जमिनीत ठिबकतं, रबर खातं आणि त्यात काय काय असतं ते हाताला लावण्यासारखं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर या गाड्या संपत चालल्या आहेत. 29 ऑक्टोबर 2003 रोजी मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून ती जातही शहराच्या रस्त्यावरून उठली. खासगी गाड्यांना पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि पुनर्नोंदणी करून चालवता येतं. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि मान दिला आहे. 1984 ची गाडी त्यात बसत नाही. म्हातारी होऊनही मान मिळायच्या आधीच्या या वयात गाड्या भंगारात जातात. वजनावर विकल्या जातात, तेव्हा त्यांची किंमत त्यांच्या टायरांएवढीही येत नाही. आपल्या कारखान्यात, आपल्या माणसांनी बांधलेलं यंत्र, एका सबंध पिढीला दवाखान्यात, लग्नात, एकविरेला घेऊन गेलेलं यंत्र, केवळ फ्लोअर सडला म्हणून कापलं जावं हे मला सहन होत नाही. फ्लोअर बदलता येतो.

आमची गाडी आता क्रीम रंगाची आहे. दोन दरवाज्यांचं काम अजून राहिलं आहे, ते पुढच्या थंडीत.

तुमच्या पडवीत, वाड्यात, सोसायटीच्या कोपऱ्यात अशी एखादी गाडी उभी असेल, तर एवढं करा. तिच्यावरची प्लास्टिकची ताडपत्री आज काढा. ती पाऊस अडवते, पण ओल आत कोंडते, आणि गाडीला पावसापेक्षा त्या ओलीचाच धोका जास्त. चटया आणि नमदे बाहेर काढा, दरवाज्यांखालची भोकं मोकळी करा, गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस दारं उघडी ठेवून उन्हात सुकवा. याला खर्च नाही. घासायचं काम दिवाळीनंतर, मिठागरांच्या बांधांची डागडुजी सुरू होते तेव्हा काढा, आणि एका वेळी एकच दरवाजा घ्या.